साडेनऊ तासांचा कागद

आमच्या घरात बोलता बोलता मध्येच थांबायची रीत होती. साकीनाक्याच्या मागच्या टेकडीवर, जिथं आमची खोली होती, तिथून उतरणारी विमानं इतक्या खालून जायची की त्यांच्या पोटाखालची चाकं मोजता यायची. आवाज आधी पत्र्यात शिरायचा, मग मांडणीवरच्या ताटल्यांत आणि मग आमच्या कानांत. त्या वेळी कितीही ओरडलं तरी समोरच्याला काही ऐकू जात नसे, म्हणून ओरडायच्या फंदात आम्ही पडत नसू. आण्णा, म्हणजे माझे वडील, बोलत असले की हात जरासा वर करायचे, वाक्य असेल तिथं सोडून द्यायचे, विमान गेलं की हात खाली घ्यायचे आणि नेमक्या पुढच्या शब्दापासून सुरू करायचे. 'उद्या सिलेंडर' आणि 'लावायला पाहिजे' यांच्यामधून एक अख्खं विमान जायचं. नवा पाहुणा गोंधळायचा, त्याला वाटायचं आण्णा रागावले. माय संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायची, तीही थांबायची, डोळे मिटलेले तसेच ठेवून. गावाकडे गेलो की पहिले दोन दिवस आम्हाला शांततेत बोलायचं कसं ते सुचत नसे. अजूनही कुणी माझ्याशी सलग बोलत राहिलं की मला वाटतं, याला थांबता येत नाही.

आण्णा साकीनाक्याच्या एका गाळ्यात नळांना पॉलिश करायचे. घरी आले की आधी नाक धुवायचे, पाणी काळं निघायचं. माय दोन घरी पोळ्या करायची आणि आमच्या घरी मात्र भाकरी. गावाहून येताना ती येसर घेऊन यायची. धान्य आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ लसणाच्या फोडणीत घातलं की दहा मिनिटांत घरभर हिंगोलीचा वास सुटायचा. शेजारच्या सावंतकाकी मालवणच्या. त्यांना तो वास आवडायचा नाही आणि आम्हाला त्यांच्या सुक्या बांगड्याचा. पण दोन्हीकडच्या वाट्या भिंतीवरून इकडून तिकडे रोज जायच्या.

मी या घरात उशिरा आले. आईवडील मोठ्या भावाला, मिलिंददादाला, घेऊन मुंबईला आले तेव्हा मला तालुक्याला मावशीकडे ठेवलं होतं. माझी बारावी तिथंच झाली. मावशी जिनिंगमध्ये कामाला जायची आणि केसांत कापसाचे तंतू घेऊन परत यायची. तिला वाचता येत नव्हतं, पण रोज ती माझी वही उघडून बघायची. पान भरलेलं असलं की मान हलवायची. अर्धं असलं तर म्हणायची, "एवढंच शिकवलं का मास्तरानं?" तिनं स्वतःला दोनच लुगडी आणि मला दप्तर, असा हिशोब कधी बोलून दाखवला नाही. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. ती कागदावर माझ्या नावाची असली तरी त्या भरलेल्या पानांची आहे, हे मी आज कुठेही सांगू शकते. भूगोलाचे सर होते, त्यांनी शाळेच्या एकुलत्या एका पृथ्वीगोलावर दोरा ताणून आम्हाला शिकवलं होतं की दोन गावांमधली सगळ्यात जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते, गोलावर सरळ असते. तो दोरा मला फार आवडला. मुंबईला येऊन मी बी.ए.ला भूगोल घेतला तो त्या दोऱ्यापायी.

पदवी मिळाल्यावर नोकरी लागली तीही त्या दोऱ्याचीच म्हणायची. अंधेरीला एका औद्योगिक इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. कुठल्याशा परदेशी प्रवासी संकेतस्थळासाठी आम्ही पानं भरायचो. एका पानावर दोन विमानतळ. त्यांच्यामधलं अंतर किती आणि विमानाला वेळ किती. जगात विमानतळ हजारो, त्यांच्या जोड्या किती होतील ते मोजायला कुणी बसलं नव्हतं. दिवसाला चाळीस पानं भरायची. अंतर संगणकच काढून द्यायचा, वेळेची रीत ठरलेली होती. अंतराला आठशेनं भागायचं आणि वर अर्धा तास धरायचा, उड्डाण आणि उतरण्यासाठी. मग त्यावर चार वाक्यं लिहायची. त्या जोडीमध्ये खरोखर विमान जातं की नाही, हे बघणं आमच्या कामात नव्हतं. त्यासाठी प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ठरावीक ओळ असायची, की या दोन ठिकाणांमध्ये थेट विमान असेलच असं नाही, प्रत्यक्ष प्रवासाला याहून जास्त वेळ लागू शकतो. ती ओळ आपोआप यायची, म्हणून आम्ही ती वाचायचोच नाही.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर लिंडा बसायची. गोराईची. रोज होडीनं खाडी ओलांडून, पुढं बस आणि रिक्षा करत यायची आणि रोज उशिरा यायची. एकदा साहेबांनी हटकलं तेव्हा ती म्हणाली, "सर, आपल्याच हिशोबानं बघा ना. माझं घर इथून वीस किलोमीटर. म्हणजे दीड मिनिट. वरचा अर्धा तास तेवढा खरा आहे, तो होडीची वाट बघण्यात जातो." सगळे हसले, साहेबही हसले. मीही हसले. तिनं त्या दिवशी जे सांगितलं ते मला पुढच्या उन्हाळ्यात समजलं.

दादा वेल्डर होता. आयटीआय करून त्यानं चार वर्षं साकीनाक्यालाच गाळ्यांमध्ये काढली आणि मग एका ठेकेदारामार्फत त्याला अंगोला देशात धरणाच्या कामावर नोकरी मिळाली. अंगोला कुठं आहे हे आमच्या गल्लीत फक्त मला माहीत होतं. जाताना मायनं त्याला एक बरणीभर येसर बांधून दिलं. तो गेल्यावर चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, पोचलो म्हणून. वाटेत कुठल्यातरी विमानतळावर कामगारांना एक दिवस आणि एक रात्र बसवून ठेवलं होतं, पुढं राजधानीपासून जीपनं आणखी एक दिवस. मायनं ते सगळं ऐकलं आणि स्वतःच त्याचा अर्थ लावला. "कंपनीचं तिकीट हाय नं, मजुराला बसवूनच ठेवतेत. आपण काढलं तर सरळ यील." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुला ठावं असंल की गं संगे. किती लांब हाय ते?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ती जोडी काढली. मुंबई आणि लुआंडा. सात हजार दोनशे पस्तीस किलोमीटर. नऊ तास तेहतीस मिनिटं. जेवणाच्या सुट्टीत एका कोऱ्या कागदावर मी ते मराठीत, मोठ्या ठळक अक्षरात उतरवून काढलं. वर दोन्ही गावांची नावं, मध्ये एक वाकडी रेघ, रेघेवर छोटंसं विमान. लिंडा डबा खात बघत होती.

"शेवटची ओळ नाही घेतलीस," ती म्हणाली.

"मायला काय करायची आहे ती ओळ?"

"मला काय माहीत? तुझी आई आहे." तिनं डब्याचं झाकण लावलं. "पण पानावर आहे ना ती."

मी ती ओळ लिहिली नाही. मला माहीत नव्हतं असं नाही. लुआंडाला मुंबईहून थेट विमान जात नाही हे मी त्याच दिवशी बघितलं होतं. पण मायचा चेहरा मी चार दिवस बघत होते, भाकरी थापताना तिचे हात मध्येच थांबत होते, आणि वर तर विमानही नसायचं. मला तिला एक आकडा द्यायचा होता, हातात धरता येईल असा. खाली आणखी एक वाक्य लिहून तो मोडायची मला इच्छा झाली नाही. पुढं माझ्या हातून लहानमोठ्या बऱ्याच चुका झाल्या, पण ज्याला मी विचार करून केलेली चूक म्हणेन ती हीच.

मायला अक्षरं जुळवत वाचता यायचं. तिनं तो कागद वाचला, आण्णांकडून पुन्हा वाचून घेतला आणि भाताच्या शिताने भिंतीवर, घड्याळाच्या खाली चिकटवला. त्या दिवसापासून दादा आमच्या गल्लीत साडेनऊ तासांवर राहायला लागला. नळावर पाणी भरताना माय बायकांना सांगायची, "आमच्या गावाची गाडी सोळा तास घेती. गावापरीस लेकरू जवळ हाय." सावंतकाकींनी एकदा विचारलं, "खरां काय गो ह्यां?" तर माय म्हणाली, "माझी पोरगी विमानाच्याच कंपनीत हाय. तिनं लिहून दिलंय." दुपारी काम संपवून आली की ती घड्याळाकडे बघायची आणि हिशोब करायची, की आत्ता निघाला तर मध्यरातीच्या आत यील. तो निघालेला नसायचा, निघणारही नसायचा, पण त्या हिशोबानं तिचे हात पुन्हा चालायला लागले होते. मला तेव्हा स्वतःचा अभिमानही वाटला, हे लिहायला हवं.

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर मायचं पोट दुखायला लागलं. आधी तिनं ओवा खाल्ला, मग सावंतकाकींच्या सांगण्यावरून कोकम, मग डॉक्टर. पालिकेच्या हॉस्पिटलात तीन आठवडे ठेवून त्यांनी तिला घरी न्यायला सांगितलं. डॉक्टर तरुण होता, मराठी मुलगा, त्यानं मला व्हरांड्यात नेऊन सगळं नीट समजावलं आणि शेवटी म्हणाला, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी घरी येऊन आण्णांना सांगितलं. आण्णांनी मायला विचारलं, मिल्याला बोलवू का. माय भिंतीकडे बघून म्हणाली, "कशाला घाई? साडेनऊ तास तर हायेत. सुट्टी टाकली तर काढून टाकतील त्याला. लईच झालं की बोलवू." आण्णांना ते पटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे मलाही पटलं असेल असं समजून बघितलं. मी हो म्हणाले. तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं, विमान वरून जाण्याआधी बोलून झालं असतं. पण अंथरुणावरचं माणूस ज्या कागदाकडे तोंड करून झोपतं तो भिंतीवरून कसा काढायचा, हे मला कळेना. मी मनात ठरवलं की गुपचूप दादालाच फोन करून बोलवून घेऊ. केलाही. तो म्हणाला महिनाअखेरीस काम एका टप्प्याला येतंय, मग सोडतील. आम्ही दोघांनी महिनाअखेर धरली. मायनं धरली नाही.

ती गेली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. मी तिला चमच्यानं पेज भरवत होते, सावंतकाकींनी दिलेली. दोन चमचे घेतले, तिसरा ओठांवरच राहिला. आण्णा कामावर जायला चप्पल घालत होते. त्यांनी चप्पल काढून ठेवली, परत आत आले आणि तिच्या पायाशी बसले. कुणी रडलं नाही, म्हणजे लगेच नाही. नऊ वाजता मी दादाला फोन लावला. तिथं पहाट होती. तो झोपेतून उठला आणि माझा आवाज ऐकूनच त्याला समजलं. "निघतो," तो म्हणाला. "आत्ताच निघतो. थांबा म्हणावं आण्णांना." आणि फोन कटला.

"निघाला?" आण्णांनी विचारलं.

"हो."

आण्णा उठले, भिंतीजवळ गेले, घड्याळ बघितलं, खालचा कागद बघितला. बोटांवर मोजलं. "साडेसहा," ते म्हणाले. "तिथून रिक्षानं अर्धा तास. सातला नेऊ." त्यांनी गल्लीत जाऊन तेच सांगितलं. साडेसहाला मिल्या येतोय, सातला न्यायचं. दहाच्या आत बर्फाच्या लाद्या आल्या, भुशात गुंडाळलेल्या, पांढरी साडी आली, बौद्धाचार्यांना निरोप गेला. मे महिना होता. लादीचं पाणी उंबऱ्यावरून गल्लीत वाहायला लागलं.

मग मावशीचा फोन आला. गावाकडून कुणीतरी तिला सांगितलं होतं. फोन आण्णांनी घेतला. मी त्यांच्याजवळच, हातभर अंतरावर बसले होते, मावशीचं रडणं मला फोनच्या बाहेरही ऐकू येत होतं. ती म्हणत होती की मी निघतेच, अकराची गाडी आहे. आण्णा शांतपणे तिला समजावत होते. "आत्ता निघालीस तरी उद्या पहाटंच येशील. मिल्या संध्याकाळलाच यायलाय. तेवढ्यापुरतं ठिवायलोत आम्ही, पुढं ठिवता येत न्हाई, ऊन लई हाय. तू काही धावपळ करू नको. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ये, सावकाश ये." मावशीनं विचारलं असावं की संगीला विचारलं का, कारण आण्णा म्हणाले, "तिनंच लिहून दिलंय की." आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मावशी मानली. तिनं माझ्या लिहिलेल्या पानावर कधीच शंका घेतली नव्हती.

तिथं मी बोलले असते तर मावशीला तिच्या बहिणीचं तोंड दिसलं असतं. दादा कसाही पोचणार नव्हता. मग आण्णांनी पहाटेपर्यंत, मावशीपुरतं, ठेवलं असतं. आणखी दोन लाद्या आणल्या असत्या. एवढाच फरक होता. मी माझी गुडघ्यावरची ओढणी नीट केली. मला वाटलं, थोड्या वेळानं आण्णांना एकट्याला सांगू. मग गाडी सुटायची वेळ निघून गेली.

दुपार गेली कशी ते मला आठवत नाही. विमानं मात्र आठवतात. प्रत्येक विमानाला दारातली माणसं वर बघायची. तीन वाजल्यापासूनच बघायला लागली होती. कुणीतरी म्हणायचं, "हे असंल काय?" दुसरा म्हणायचा, "अजून टाइम आहे रे, साडेसहाचं आहे त्याचं." आमची गल्ली जन्मभर त्या विमानांना शिव्या घालत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची वाट बघितली. सावंतकाकी चहा घेऊन आल्या, मला जवळ घेऊन म्हणाल्या, "भाव पोचलो की तुकाय आधार होतलो गो." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. माझं रडणं त्यांना मायसाठीचं वाटलं.

चारच्या सुमारास दादाचा फोन आला. मी फोन घेऊन मागच्या बाजूला, पिंपांच्या आडोशाला गेले.

"संगे, अजून रस्त्यातच आहे मी," तो म्हणाला. "शहरात पोचायला रात्र होईल. विमान उद्या दुपारचं मिळतंय, ते पण मध्ये बदलायचं. परवा दुपार धर."

"बरं."

"थेट विमान नाही गं."

"माहीत आहे."

मागं जीपचा आवाज येत होता. "माहीत होतं तुला," तो म्हणाला. मग म्हणाला, "नका थांबू. इतका वेळ नका ठेवू मायला. न्या तुम्ही." आणि मग त्याला रडू फुटलं तेव्हा वरून विमान गेलं, आणि ते जाईपर्यंत त्याच्याकडूनच फोन तुटला होता.

आण्णा उंबऱ्याबाहेर ओट्यावर बसले होते. भिंतीवरचा कागद त्यांनी काढून हातात घेतला होता, बहुतेक लोकांना दाखवायला. शीत वाळून कागदाला चिकटलेलं होतं आणि त्याबरोबर भिंतीचा थोडा चुना निघाला होता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, आकडा कसा काढतात ते, शेवटची ओळ काय असते ते, दादाचा फोन. हळू आवाजात, एकदाही न थांबता.

"ह्याच्यावर न्हाई ते," आण्णा कागद बघत म्हणाले.

"मी लिहिलं नाही."

"का?"

"मायला बरं वाटावं म्हणून."

त्यांनी कागदाची घडी घातली. एक, मग दुसरी. "तिला ठावं होतं का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. बराच वेळ गल्लीतून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ते उठून सगळ्यांना सांगतील, मायला लगेच न्यायची तयारी करतील. मी त्यांना विचारलंही, आत्ताच न्यायचं का म्हणून. ते म्हणाले, "सात सांगितलंय गल्लीला. सातलाच नेऊ." आणि घडी केलेला कागद शर्टच्या खिशात ठेवला.

त्यानंतर अडीच तास ते वाट बघत राहिले. तो येणार नाही हे माहीत असताना. विमान आलं की ओट्यावरून उठायचे, गल्लीच्या तोंडाशी जायचे, टेकडीच्या पायथ्याला रिक्षा थांबते ती जागा बघायचे, परत यायचे. लोक म्हणायचे, "आण्णा, बसा तुम्ही, आम्ही बघतो." ते बसायचे आणि पुढच्या विमानाला पुन्हा उठायचे. मी दारात बसून ते बघत होते. मला शिक्षा करण्यासाठी ते असं करत नव्हते, एवढं मला तेव्हाही कळत होतं. साडेसहा वाजले. त्यांनी घड्याळ बघितलं, आणखी एक विमान जाऊ दिलं आणि मग मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "मिल्याचं विमान चुकलं. आता यायचा न्हाई तो. उचला." पोराची ही खोटी चूक गल्लीनं मान्य केली. कुणीतरी हळहळलं, की आईच्या वेळेला तरी जरा लवकर निघावं माणसानं. आण्णांनी ते ऐकलं. मीही ऐकलं.

त्रिसरण म्हणताना मध्येच विमान आलं. आण्णा थांबले, मी थांबले, सावंतकाकी थांबल्या. बौद्धाचार्य दुसऱ्या वस्तीतले होते, ते आणि बाहेरून आलेली माणसं म्हणत राहिली. विमान गेल्यावर आम्ही मागं पडलो होतो.

आता मी बोरिवलीला एका शाळेत भूगोल शिकवते. गोलावर दोरा ताणून दाखवते, माझ्या सरांनी दाखवला होता तसाच. मुलं विचारतात, बाई, मग इथून तिथं जायला किती वेळ लागेल. हल्ली त्यांच्या फोनवरच ते येतं. मी त्यांना अंतर सांगते आणि वेळ मात्र सांगत नाही. मुलांना वाटतं बाईंना येत नाही.

मायला नेल्यावर मावशी दुसऱ्या दिवशीच आली, पुण्यानुमोदनाची वाट न बघता. सोळा तास बसून आली तेव्हा तिच्या केसांत तसेच कापसाचे तंतू होते, कामावरून सरळ निघाली होती. ती ओल्या जमिनीवर हात फिरवत बसली, जिथं लाद्या होत्या. आण्णांनी तिलाही विमान चुकल्याचंच सांगितलं. दुपारी माझ्या पाठीवरून हात फिरवताना तिनं विचारलं, "तुला आधी कळत न्हवतं का गं बाय, विमानाचं असं हुतंय म्हणून? तू तर त्यातलीच."

"नाही मावशी," मी म्हणाले. "कळत नव्हतं."

तिनं मान हलवली, पान भरलेलं असलं की हलवायची तशी. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. दर दिवाळीला मी तिच्याकडे जात होते, आणि दर वेळी परतीच्या गाडीत बसल्यावर मला आठवायचं की यंदाही राहिलं. आता सांगायला कुणी नाही, म्हणून हे इथं लिहून ठेवते आहे. याचा उपयोग कुणाला नाही, हेही मला ठाऊक आहे.

दादा तिसऱ्या दिवशी दुपारी आला. रिक्षातून उतरला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि आत येऊन मायच्या जागेकडे बघत उभा राहिला. पिशवीतून त्यानं येसरची बरणी काढून मांडणीवर ठेवली. तळाला दोन बोटं शिल्लक होतं, संपू नये म्हणून वर्षभर पुरवून खाल्लेलं. मग तो आण्णांच्या समोर बसला. मावशी एका बाजूला होती, मी दाराशी. घड्याळाच्या खाली भिंतीवर चौकोनी पांढरा डाग पडला होता, दादाची नजर त्यावरून गेली. तो कागद मला त्यानंतर कधी दिसला नाही, आणि आण्णांना त्याबद्दल विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"किती वेळ थांबलात?" दादानं विचारलं.

"साडेनऊ तास," आण्णा म्हणाले. "त्याच्यापुढं मग..."

विमान आलं. आण्णांचा हात वर गेला. पत्रा थरथरला, मांडणीवरच्या ताटल्या वाजल्या, बरणीही वाजली. विमान गेलं आणि हात खाली आला. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत पुढच्या शब्दासाठी थांबलो. ते दाराबाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं दुसरं विमान आलं आणि तेही गेलं, तरी आम्ही थांबलेलेच होतो. आण्णांनी ते वाक्य पुरं केलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.